गंगाराम तांबट तैलचित्र काढावयास शिकला होता काय?

पेशवाईच्या अखेरच्या काळांत पुण्यास शनिवारवाड्यांत एक चित्रशाळा निघाली, तींत जेम्स वेल्स नांवाचा स्कॉच चितारी येथील कारागिरांस पाश्चात्य चित्रविद्या शिकवी, व गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा त्या शाळेंतील प्रमुख विद्यार्थी होता, ही हकीकत आतां बहुतेक जिज्ञासूंच्या परिचयाची झाली आहे. हिच्या खरेपणाविषयीं वाद घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु या हकीकतीच्या शेपटास अलीकडे एक वाक्य हळूच जोडलें जातें. तें असें कीं, या शाळेंत आमचे चितारी तैलरंगांत दरबारी तसबिरी काढावयास शिकले. या एका वाक्याच्या आधारावर जुन्या घराण्यांतून निघालेल्या नाना फडणिसांच्या व सवाई माधवरावांच्या तैलचित्रांस ‘वेल्सच्या शाळेंतील’ असें नामाभिधान मिळतें, त्यांची किंमत वाढते, आणि पुढें तींच चित्रें त्या वाक्याचा पुरावा म्हणून दाखविलीं जातात. असें हें चक्र फिरत राहिलें आहे. म्हणून या वाक्याचें परीक्षण करणें अवश्य वाटतें.

माझें मत प्रथमच सांगून टाकतों. गंगाराम त्या गुरूपाशीं पुष्कळ कांहीं शिकला. परंतु तैलरंगांतील तसबीर ही विद्या त्यानें हस्तगत केली असें मानण्यास आधार नाहीं. आणि ती विद्या काय आहे हें नीट समजून घेतलें म्हणजे तसें न होण्याचीं कारणेंही दिसूं लागतात.

कालानुक्रम असा आहे. चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून इ. स. १७८६ त पुण्यास आला. त्यास वस्तू, प्राणी, लेणीं, माणसें या सर्वांचीं चित्रें जमविण्याचा मोठा नाद होता, व वेल्स येण्यापूर्वींच गंगाराम त्याच्यासाठीं काम करूं लागला होता. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्यानें काढलेलें चित्र १७९० चें आहे. वेल्स हा स्कॉटलंडांतील पीटरहेड गांवचा. याचा जन्म १७४७ चा. त्याची चित्रविद्या बहुतांशीं स्वकष्टानें मिळविलेली होती. तो १७९१ त मुंबईस उतरला व पुढील वर्षीं पुण्यास आला. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले, आणि पुढच्याच महिन्यांत साष्टींत लेण्यांचीं रेखाटनें करीत असतां ज्वरानें वेल्सही गेला. म्हणजे गुरुशिष्यांचा सहवास उणापुरा तीन वर्षांचा. त्यांतही गुरूचा पुष्कळ काळ घारापुरी, साष्टी, वेरूळ येथील लेण्यांच्या मापांत व रेखाटनांत गेला. तीं वेरुळाचीं रेखाटनें पुढें टॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं १८०३ त लंडन येथें छापून निघालीं. हातांत उरलेल्या काळांत वेल्सनें पेशव्यांची, नानांची, महादजी शिंद्यांची अशा तसबिरी केल्या. त्यास मदतनीस होता तो रॉबर्ट मेबन, म्हणजे तोही युरोपीयच.

आतां त्या तसबिरींपैकीं सर्वांत प्रसिद्ध जी, तिच्याकडे वळूं. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें १७९२ चें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहे. पेशवे गादीवर, जवळ नाना, मागें सेवक उभे, अशी त्याची मांडणी आहे. हें चित्र आम्ही इतक्या वेळां छापलेलें पाहिलें आहे कीं, त्यांत चिताऱ्यापुढें अडचण काय होती हा विचारच मनांत येत नाहीं. पेशव्यांचें वय त्या वेळीं अठरा वर्षांचें व नानांचें पन्नाशीचें. एक चेहरा कोंवळा, भरलेला, ज्यावर सांवली पडावयास खांचखळगा नाहीं. दुसरा कृश व उभट, ज्यावर सांवलीशिवाय दुसरें कांहीं नाहीं. दोघांचाही पोषाख पांढरा. पांढऱ्या वस्त्रावर पुन्हा पांढरीं मोत्यें. इंग्रज सरदाराची तसबीर काढतांना चिताऱ्याच्या मदतीस तांबडा किंवा निळा डगला असतो, चेहरा त्यावर आपोआप उठून दिसतो. येथें ती सोय नाहीं. पांढऱ्यांतून पांढरें वेगळें काढावयाचें तर तें केवळ छायेच्या तारतम्यानें, म्हणजे किंचित् निळसर, किंचित् राखी, किंचित् पिंवळसर अशा पांच सहा पांढऱ्यांनीं. वेल्सनें हें काम समाधानकारक केलें आहे. मोत्यांत तर उत्तमच. चेहऱ्यांत मात्र तो नानांपाशीं जिंकला आहे व पेशव्यांपाशीं हरला आहे असें मला वाटतें. पेशव्यांचा चेहरा गुळगुळीत झाला आहे. तेथें मनुष्यापेक्षां पद अधिक दिसतें. अर्थात् दरबारी तसबिरीचें प्रयोजनच पद दाखविण्याचें असल्यामुळें, हा दोष मालकास दोष वाटला नसेल.

दरबारी तसबिरीची दुसरी अडचण याहून मोठी आहे व ती रंगाची नव्हे. तसबीर म्हणजे बैठका. चितारी सांगेल तेव्हां, तो सांगेल त्या उजेडांत, तो सांगेल तसा चेहरा वळवून धन्यानें बसावयाचें. वेल्सच्या काळच्या इंग्रजी पद्धतींत एका चेहऱ्यास निदान तीन हात देत. टॉमस बार्डवेल या चिताऱ्यानें १७५६ त आपल्या पुस्तकांत ही रीत फोडून सांगितली असून तें पुस्तक पुढें कित्येक वर्षें नवशिक्यांच्या वापरांत होतें. पहिल्या हातीं थोड्या, मातकट रंगांनीं उजेड व छाया यांची ढोबळ जागा धरावयाची. तो थर वाळूं द्यावयाचा. दुसऱ्या हातीं त्यावर मांसाचा खरा वर्ण आणावयाचा, पुन्हा थांबावयाचें. तिसऱ्या हातीं ओंठ, पापण्या, नाकपुडीची लाली, डोळ्यांतील चमक व वरचे पारदर्शक लेप. मधल्या प्रत्येक थांबण्यास दिवस लागतात, पावसाळ्यांत आठवडे. म्हणजे एकाच मनुष्यास एकाच जागीं पुनःपुन्हा तसेंच बसवावें लागतें. पेशव्यांस असें बसविण्याचा अधिकार रेसिडेंटाच्या पाहुण्यास होता. तांबट आळींतल्या कारागिरास तो कोठून असणार? धनी समोर बसला असतां त्यानें उभें राहावयाचें, व धनी उठला कीं रंग आवरावयाचे. धन्यास “थोडें डावीकडे पाहावें” म्हणण्याची ज्यास सोय नाहीं, त्यास ही विद्या निरीक्षणानें कळेल, अभ्यासानें येणार नाहीं. हें माझें अनुमान आहे, पुरावा नव्हे. परंतु आमच्या दरबारी रीतिरिवाजांची ज्यास ओळख आहे त्यास तें ओढूनताणून आणलेलें वाटणार नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. तैलरंगांचें साहित्य विलायतेहून येई, म्हणून आमच्या चिताऱ्यांस तें मिळालें नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. हें अर्धेंच खरें आहे. विणलेलें जाड कापड, केसांचे कुंचले व राळेचें रोगण यांत विलायती मालाची सरशी होती खरी. परंतु ज्या तेलावर सारी विद्या उभी आहे तें जवसाचें तेल; आणि जवस तर दख्खनचें पीक! सफेदा, हिंगूळ, गेरू, पिंवळी माती, काजळ, नीळ, लाखेचा तांबडा, हे सर्व आमच्या चिताऱ्याच्या पेटींत होतेच. रंगाच्या तयार नळ्या तर वेल्सपाशींही नव्हत्या; त्या १८४१ त निघाल्या. त्याच्या वेळीं तेलांत खललेला रंग चामडी पिशवींत बांधून ठेवीत व टोचून काढीत. तेव्हां पाट्यावर बसून रंग खलणें हें काम गंगारामास गुरूपेक्षां कमी येत होतें असें मुळींच नाहीं.

उणीव होती ती क्रमाची. आमचा चितारी डिंकाच्या पाण्यांत रंग कालवी. तो रंग घटकेंत वाळतो. त्याच्या कामांत रेघ ही प्रथम येते व अखेरही येते. मध्यें रंग भरला जातो, आणि शेवटीं काळ्या बारीक रेघेनें नाक, डोळा, बोट पुन्हा बांधून घेतलें जातें. चित्राचें जीवित त्या अखेरच्या रेघेंत. तैलरंगांत याच्या उलट: रेघ आरंभीं असते व पहिल्याच हाताखालीं ती मरते. पुढें चेहऱ्याची कड दोन रंगांच्या भेटींतून उत्पन्न व्हावयाची, रेघेनें आंखावयाची नाहीं. शिवाय थरांचा एक धर्म आहे. खालचा थर रूक्ष असावा, वरचा स्निग्ध. खालीं तेल कमी, वर अधिक. हा नियम ज्यानें मोडला त्याचें चित्र वरून वाळतें, खालून ओलें राहतें, व कांहीं वर्षांनीं नदीकांठच्या चिखलासारखें तडकतें. सफेदा लवकर वाळतो, काजळ फार उशिरां वाळतें. म्हणून काजळाच्या जाड थरावर सफेद्याचा हात मारणाऱ्यानें चित्राचा नाश आपल्या हातानेंच मांडून ठेवलेला असतो. या गोष्टी पाहून कळत नाहींत, कारण चूक झाल्याचें त्याच दिवशीं दिसत नाहीं. त्या गुरूनें सांगाव्या लागतात, आणि शिष्यानें पांच पंचवीस चित्रें बिघडवून शिकाव्या लागतात. तीन वर्षांत, तींही तुटक, व महाग कापड बिघडविण्याची मोकळीक नसतां, हें होणें कठीण.

आतां खुद्द गंगारामाचें काम काय सांगतें तें पाहूं. त्याच्या रेखाटनांचा मोठा भाग आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहे. वेल्सची रोजनिशीही तेथेंच आहे. हॉली शाफर या विदुषीनें १७६० ते १९१० या काळांतील पश्चिम हिंदुस्थानच्या कलाव्यवहारावर २०२२ त जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या सर्व सामग्रीचा बारकाईनें विचार केला आहे. संग्राहकांनीं तो अवश्य पाहावा. या रेखाटनांत वेरुळाचीं लेणीं आहेत, पागेंतील व शिकारखान्यांतील जनावरें आहेत, तालमींतले जेठी आहेत, गोसावी आहेत. मॅलेटनें ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या भागांत वेरुळाचें जें वर्णन छापलें, त्यासाठीं रेखाटनें गंगारामानेंच केलीं होतीं. परंतु हें सर्व काम कागदावर आहे. शाई, शिसें व पाण्याचे रंग. या संग्रहांतून गंगाराम म्हणून जो चितारी आपणांस दिसतो, तो सर्वस्वीं कागदाचा चितारी आहे.

या कागदी कामांत विलायती शिक्षणाची खूण कोठें आहे? ती आहे छायेंत व मापांत. लेण्याचा खांब पुढचा मोठा, मागचा लहान. छताच्या रेघा एका बिंदूकडे धांवतात. जेठ्याच्या पाठीवर उजेड एका बाजूनें येतो व दुसरी बाजू मंद करड्या रंगांत बुडते. तरीही कड रेघेनेंच बांधलेली आहे. त्यास छाया समजली, पण रेघ सोडवली नाहीं. कोणी यास अपुरें शिक्षण म्हणेल. मला तें शहाणपणाचें वाटतें. त्याच्यापाशीं जें काम मागितलें जात होतें, म्हणजे पाहिलें तें मापून कागदावर उतरविणें, त्यास रेघ हेंच योग्य साधन होतें, आणि त्यानें तिला छायेची जोड दिली. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्यानें ज्या सहजतेनें उतरविल्या आहेत ती सहजता गुरूनें काढलेल्या पेशव्यांच्या चेहऱ्यांत नाहीं, असें म्हटलें तर वेल्सवर फारसा अन्याय होणार नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, आज दिसत नाहीं म्हणून तेव्हां नव्हतें असें कसें म्हणावें? गंगारामानें तैलचित्रें केलीं असतील व तीं नष्ट झालीं असतील. आक्षेप रास्त आहे, व तर्कशास्त्रानें त्यास पूर्ण उत्तर देतां येत नाहीं. परंतु पुराव्याचें ओझें कोणाच्या माथीं? ‘तो शिकला’ असें म्हणणाऱ्याच्या. शिवाय ही विद्या एकदां रुजली असती तर ती एका माणसाबरोबर मेली नसती. शिष्याचे शिष्य झाले असते, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत त्यांनीं कामें केलीं असतीं, इंग्रजी अमलांत तर त्यांस गिऱ्हाईक अधिकच मिळालें असतें.

ही विद्या प्रत्यक्षांत कशी रुजते याचें एक सुपरिचित उदाहरण तुलनेस घेऊं. राजा रविवर्मा हे त्रावणकोरच्या राजघराण्याच्या आप्तांपैकीं. दरबारचा चितारी रामस्वामी नायकर यानें त्यांस तैलरंगांचें रहस्य सांगितलें नाहीं. १८६८ त थिओडोर जेन्सन हा चितारी महाराजांची तसबीर काढावयास त्रिवेंद्रमास आला, तेव्हां त्याचें काम जवळ बसून पाहण्याची परवानगी तेवढी त्यांस मिळाली. म्हणजे बुद्धि असामान्य, राजवाड्यांत मुक्त प्रवेश, साहित्य सिद्ध, आणि तरीही पुढें स्वतःच्या प्रयोगांत कित्येक वर्षें घालवावीं लागलीं; मद्रासच्या प्रदर्शनांतील सुवर्णपदक १८७३ चें. हें सर्व ज्यास अनुकूल होतें त्यास जर इतका काळ लागला, तर गंगारामाच्या बाबतींत तीन वर्षांचा चमत्कार मानण्याचें कारण नाहीं.

आमच्या प्रांतांत तसबिरीचें शिस्तबद्ध शिक्षण सुरू झालें तें मुंबईस, १८५७ त निघालेल्या जमशेटजी जिजीभाईंच्या कलाशाळेमुळें. आणि तेंही लगेच नव्हे. १८६५ त ग्रिफिथ्स आला, त्याच्या हाताखालीं पेस्तनजी बोमनजींसारखे तसबीरकार तयार झाले. पुढें १८९० त धुरंधर त्या शाळेंत शिरले. धुरंधरांनीं आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या कलाशाळेंतील आठवणी १९४० त मराठींत प्रसिद्ध केल्या आहेत. संग्राहकांनीं त्या वाचल्या तर एक गोष्ट ध्यानांत येईल: आरंभीं केवळ रेखन, मग प्रतिमेवरून, मग माणसावरून, ही पायरी कोणासही चुकत नसे.

याचा व्यावहारिक परिणाम संग्राहकांस सोसावा लागतो, म्हणून एक अनुभव सांगतों. एका जुन्या घराण्यांतील सद्गृहस्थांनीं मला नाना फडणिसांचें एक तैलचित्र दाखविलें. आजोबांपासूनची समजूत अशी कीं, तें गंगारामाच्या हातचें असून नानांच्या हयातींतील, म्हणजे १८०० पूर्वींचें आहे. चित्र चांगलें होतें. किंबहुना तें फार चांगलें होतें, आणि माझ्या मनांत संशय आला तो त्यामुळेंच. कानशिलापाशीं रंग थोडा उडाला होता; तेथें खालचा मातकट पहिला हात, त्यावर दुसरा, त्यावर पातळ लेप असे तिन्ही थर क्रमशः दिसत होते. कड कोठेंही आंखलेली नव्हती. हें सर्व शाळेंत बसून शिकलेल्या हाताचें काम. चित्र उलटें करून पाहिलें तों कापड यंत्रावर विणलेलें, अस्तर कारखान्यांत चढविलेलें, व चौकटीस तारेचे खिळे. पुढें त्या गृहस्थांच्या संमतीनें पागोट्याच्या पांढऱ्या रंगाचा एक कण तपासून घेतला, तो जस्ताचा निघाला. जस्ताचा पांढरा तेलांत वापरण्यास १८४० नंतरच खरी सुरुवात झाली. नानांच्या काळीं पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. राहिली बैठक. १८७८ त पुण्यास चित्रशाळा छापखाना निघाला व त्यानें नाना फडणिसांचें रंगीत शिळाछाप चित्र घरोघर पोंचविलें. या तैलचित्राचा आधार तें चित्र किंवा त्याच जातीचें दुसरें छापील चित्र असावें, असें माझें मत झालें. गृहस्थांस तें आवडलें नाहीं. त्यांनीं मला चहा दिला व विषय बदलला.

रंगांच्या जन्मतिथि या कामीं फार उपयोगी आहेत. बर्लिनचा निळा १८ व्या शतकाच्या आरंभींचा, तेव्हां तो वेल्सच्या चित्रांत सांपडला तर आश्चर्य नाहीं. परंतु कोबाल्टचा निळा १८०२ चा, कृत्रिम लाजवर्दी १८२८ ची, कॅडमियमचा पिंवळा त्याहूनही मागाहून बाजारांत आलेला, आणि टायटेनियमचा पांढरा तर विसाव्या शतकांतला. यांपैकीं एखादा मूळ थरांत निघाला कीं, घराण्यांतील दंतकथा कितीही जुनी असो, चित्र १७९५ चें राहत नाहीं. मात्र रंग जुना निघाला म्हणून चित्र जुनें ठरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. सफेदा व हिंगूळ नंतरही शंभर वर्षें विकले जात होते. आणि कण घ्यावयाचा तो दुरुस्तीच्या जागेवरून घेऊं नये; कित्येक चित्रांचीं पागोटीं मागाहून उजळलेलीं असतात.

ज्यांच्या संग्रहीं पेशवाईच्या अखेरच्या काळांतील, विशेषतः १७९२ ते १७९५ मधील, वाड्यावरील खर्चाचे अथवा खाजगीकडील जमाखर्चाचे रुमाल असतील, त्यांनीं चिताऱ्यांच्या नांवें पडलेल्या रकमा काढून पाहाव्या. जवसाचें तेल दिवाबत्तीच्या सदराखालीं न पडतां चिताऱ्याच्या सदराखालीं कोठें पडलेलें आढळलें, तर वरील मत मागें घेण्यास मी आनंदानें तयार आहें. आणि ज्यांच्यापाशीं अशीं तैलचित्रें आहेत त्यांस एकच विनंती: तीं पुसूं धुऊं नयेत, व मागें नवें कापड चिकटविण्यास देण्यापूर्वीं पाठीचें छायाचित्र घेऊन ठेवावें, कारण तें कापड एकदां चिकटलें कीं पाठ पुन्हा पाहावयास मिळत नाहीं.